हात वर करायचा नियम

अकोल्याच्या त्या पोरांनी मला जेवढं छळलं, तेवढं उभ्या आयुष्यात कोणी छळलं नाही. आणि परक्या मुलखात मला सांभाळून घेतलं तेही त्याच गावानं. दोन्ही खरं आहे. पण आज छळाचंच सांगतो, कारण ते आठवलं की अजून माझे दात आवळले जातात.

मी सांगलीकडचा. सहावीत शाळा सुटली ती सुटलीच. पुढं मामाच्या आधारानं अकोल्याला आलो. मामा तिथं जिनिंगमध्ये फिटर होता. त्याच्या एका खोलीत आधीच सात माणसं, मी आठवा. मामी कधी वाकड्या शब्दानं बोलली नाही, आणि तिच्या त्या चांगुलपणाचंच मला ओझं व्हायचं. जेवायला बसलो की भाकरी मोजून खायचो आणि भूक नाही म्हणून उठायचो.

जठारपेठेच्या मागच्या अंगाला एक व्यायामशाळा होती. तिचे अध्यक्ष कापसाचे अडते. त्यांना सगळं गाव काकाजी म्हणायचं. झाडलोट करायला, पाणी भरायला त्यांना माणूस हवा होता, म्हणून मामानं मला नेऊन उभं केलं. काकाजींनी विचारलं, येतं काय तुम्हाला? मी म्हटलं, खो-खो येतो. आमच्याकडं तालमीत मी चार वर्षं खो-खो खेळलो होतो आणि जगात तेवढी एकच गोष्ट मला नीट येत होती. काकाजी हसले. आठवडाभर त्यांनी मला पोरांबरोबर खेळताना बघितलं आणि मग पोरांना खो-खो शिकवायचं काम दिलं, मुदगल, लेझिमा ठेवायची खोली उघडून दिली. अर्धी खोली सामानाची, अर्धी माझी. आतून कडी लावता येईल असं दार मला पहिल्यांदाच मिळालं होतं. त्या कडीपायी मी काकाजींचा जन्माचा ऋणी आहे.

पण वऱ्हाडी माणूस देताना अटही तोंडावरच सांगतो. आमच्याकडं तेवढ्याला तीन चहा लागले असते. व्यायामशाळेच्या समितीला खरं म्हणजे अमरावतीहून शिकून आलेला, सर्टिफिकेटवाला शिक्षक हवा होता. काकाजी म्हणाले, "एक साल देतो तुम्हाले. अमरावतीच्या सामन्यातून पोट्टे जिंकून आले, त खोली तुमची. नाई त सर्टिफिकेटवाला येईन, आन मंग त्याले खोली लागन."

तेव्हा पुढं जे सांगतो ते ऐकताना ती खोली ध्यानात ठेवा. मी एक दिवस विसरलो नव्हतो.

पोरं बारा. कोणी शेतकऱ्यांची, कोणी छप्पन साली दीक्षा घेतलेल्या घरांतली, दोन तेलघाणीवरच्या मजुरांची, एक पोस्टमनचं. पायांत वारा, सगळ्यांच्याच. एवढं पळणारी पोरं मी सांगलीतसुद्धा पाहिली नव्हती. पण काम म्हटलं की त्याच पायांत शिसं भरायचं. मैदान काळ्या मातीचं. पावसाळ्यात त्यावर बूट चिकटून राहतो आणि उन्हाळ्यात अशा भेगा पडतात की आत मनगट जावं. पळताना पाय अडकला तर घोटा गेलाच. म्हणून भेगांत मुरूम भरायचा, वर पाणी मारायचं, मग धुम्मसानं ठोकून सपाट करायचं, असं रोज. मी नियम केला की ज्यानं पाच बादल्या आणल्या नाहीत त्यानं खेळायचं नाही. दुसऱ्या दिवशी पोरांनी बादल्या आणल्या. प्रत्येकाच्या बादलीत तांब्याभर पाणी. "तुमी बादल्या मोजाले सांगतल्या होत्या मास्तर, पाणी नाई," असं एकानं मला समजावून दिलं.

मला मास्तर म्हणायचे. त्यात मान किती आणि टोमणा किती, हे मला शेवटपर्यंत उमगलं नाही. मी सहावीतून उठलेला, त्यांच्यातले निम्मे आठवी-नववीत. एकदा मी फळ्यावर खेळाडूंची यादी लिहिली तर कप्तान पुसणं घेऊन उठला आणि काही न बोलता माझ्या दोन वेलांट्या दुरुस्त करून परत जाग्यावर बसला. हा कप्तान म्हणजे पोस्टमनचा मुलगा. शांत, समजूतदार. देवानं बारांत एक तरी असा दिला म्हणून मी तगलो.

आणि देवानं एक वकीलही दिला. हे त्याला पोरांनीच पाडलेलं नाव. तेलघाणीवरच्या मजुराचा मुलगा, काटकुळा, आणि त्याच्याइतका चपळ पळणारा अख्ख्या गावात नव्हता. पण तोंड उघडलं की खोटं. उशिरा आला की कोणीतरी वारलेलं असायचं. त्या एका वर्षात त्याच्या चार आत्या वारल्या. पाचवीच्या वेळी मी विचारलं, अरे, तुझ्या आजोबांना मुली तरी किती? तर म्हणाला, "चुलत धरून सांगतलं मास्तर." ओरडलो की मान खाली घालायचा आणि मान खाली घालून हसायचा. ते त्याच्या खांद्यांवरून कळायचं.

खो-खो ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. एका बाजूची आठ पोरं ओळीत बसतात, नववा पाठलाग करतो. दुसऱ्या बाजूचे तिघं त्या ओळीतून नागमोडी पळतात. पाठलाग करणाऱ्याचा हात लागला की पळणारा बाद. आता हात लागला की नाही, हे सांगायला पंच असतो. पण आमच्या तालमीत पंच नव्हता. वस्तादांचा नियम असा, की ज्याला हात लागला त्यानं स्वतः आपला हात वर करायचा आणि चालू लागायचं. दुसऱ्यानं सांगायची वेळ आली तर त्या पोरानं आठ दिवस बसून बघायचं. वस्ताद म्हणायचे, लागलेलं पहिलं तुला कळतं, मग जगाला.

हा नियम मी अकोल्यात आणला. पोरांना तो इतका येडपटपणाचा वाटला की आधी त्यांना मी थट्टा करतोय असंच वाटलं.

"मंग पंच कायले ठेवला?" वकिलानं विचारलं.

"पंचाला दिसलं नाही तर?"

"नाई दिसलं त चांगलंच हाय न."

मी वर्षभर घसा फोडला. हात लागायचा, सगळ्या मैदानाला ठप्प असा आवाज ऐकू जायचा, आणि पोरगं मात्र पुढं पळत राहायचं. थांबवून विचारलं तर लागलाच नाही. मग भांडण. अर्धी संध्याकाळ भांडणात जायची आणि मैदान तसंच भेगाळलेलं. शेवटी मी युक्ती काढली. पाठलाग करणाऱ्यांच्या तळव्यांना गेरू लावला. आता हात लागला की बनियनवर पाच बोटं उमटणार, मग बोला.

दोन दिवस बरं चाललं. मग पोरांच्या आया यायला लागल्या. गेरूचे डाग निघत नव्हते. एका माउलीनं मला विचारलं, पोट्ट्याले खेळ शिकवून राहिले का रंगारी करून राहिले? मी तिची माफी मागितली, सोडा-साबण माझ्याकडचा देतो म्हटलं. आणि चौथ्या दिवशी वकील मैदानात आला तो अख्खी बनियन गेरूत बुडवून, वाळवून, अंगात घालून. लालभडक. तिच्यावर बोटं उमटणार कुठं? सगळी पोरं जमिनीवर लोळून हसली. मी खोलीत गेलो, कडी लावली आणि बराच वेळ मुदगलांकडं बघत बसलो. मला स्वच्छ दिसत होतं की मला शिकवता येत नाही. खेळ येणं वेगळं आणि शिकवणं वेगळं, हे सर्टिफिकेटवाल्यांना बहुतेक पहिल्याच दिवशी सांगत असतील.

तरी मी नियम सोडला नाही. चांगुलपणानं नव्हे, हट्टानं. आणि खरं सांगायचं तर माझ्याकडं शिकवायला दुसरं होतंच काय? रोज संध्याकाळी तेच, हात वर, हात वर. पोरं माझी नक्कल करायची. रस्त्यात भेटली तरी लांबून हात वर करायची.

सामने हिवाळ्यात लागले. बडनेऱ्यापर्यंत आगगाडी, तिथून अमरावती. कप्तानाच्या आईनं बारा पोरांच्या आणि माझ्या अशा भाकरी, ठेचा आणि वर तिळाची चटणी बांधून दिली होती. त्या बाईला मी नीट नमस्कारसुद्धा केला नाही, कारण मला पोरं मोजायची होती. वाटेतल्या प्रत्येक स्टेशनावर मी पोरं मोजली. मूर्तिजापुरात अकरा भरली तेव्हा मी सगळा डबा पालथा घातला. बारावा वकील, वरच्या फळीवर पथाऱ्यांच्या मागं झोपलेला.

पण अमरावतीच्या मैदानावर उतरल्यावर या पोरांना काय झालं कोण जाणे. मुरमाचं तयार मैदान, चुन्याच्या सरळ रेघा, चहूकडं लोक. पोरं अशी खेळली, जशी वर्षभरात एकदाही माझ्यासाठी खेळली नव्हती. दोन सामने सहज जिंकले. तिसरा शेवटचा, अमरावतीच्याच एका संघाशी.

शेवटचा डाव. ते पाठलाग करत होते, आम्ही पळत होतो. गुण बरोबरीत. त्यांनी आमचा आणखी एक गडी बाद केला की ते जिंकणार, आणि वेळ संपेपर्यंत कोणी सापडला नाही तर आधीच्या दोन सामन्यांतले आमचे गुण धरून आम्ही, असं पंचांनी आधीच सांगितलेलं. मैदानात आमचे तिघं, त्यात वकील. वेळ अर्ध्या मिनिटाच्या आत काय तो उरलेला. मी मनात खोलीला रंग द्यायला लागलो होतो. खोटं कशाला सांगू.

वकील ओळीच्या टोकाच्या खांबाजवळ आला. त्यांचा पोरगा सूर मारून आला. वकिलानं अंग चोरलं, पोरगा मातीत पडला, वकील निसटला. लोक ओरडले. पंच पलीकडच्या अंगाला होते, त्यांनी काही खूण केली नाही. जो पडला होता त्यालाही कळलं नव्हतं, तो उठून परत धावायला लागला होता.

आणि वकील उभा राहिला. उभा राहून त्यानं हात वर केला आणि शांतपणे चालत बाहेर आला.

क्षणभर कोणाला काही कळेना. पंचांनी त्याला जवळ बोलावून विचारलं, तर त्यानं सदऱ्याचं मागचं टोक दाखवलं. इथं बोट लागलं, म्हणाला. मग शिट्टी वाजली आणि अमरावतीची पोरं नाचायला लागली.

आता मी कसा वागलो ते सांगतो. मी त्याचा दंड धरला. सगळ्या लोकांसमोर, त्याच्या सोबत्यांसमोर, मी त्याच्यावर ओरडलो. वर्षभर खोटं बोललास, मेलेल्या आत्या आणल्यास, गेरू फासून आलास, आणि आजच तुला हे सुचलं? कोणी सांगितलं होतं तुला हात वर करायला?

तो माझ्याकडं बघत राहिला. हसला नाही.

"तुमीच त सांगतलं होतं, मास्तर."

परतीच्या गाडीत माझ्याशी कोणी बोललं नाही. मला वाटलं, हरल्याचं दुःख आहे. बडनेरा सुटल्यावर कप्तान माझ्या शेजारी येऊन बसला आणि खिडकीबाहेर बघत म्हणाला, "हारलो त हारलो. पण तुमी त्याले तसं बोलाले नोको होतं." एवढं बोलून तो उठून पोरांत जाऊन बसला. मी पोरं मोजायची विसरलो, अकोला येईपर्यंत.

दुसऱ्या दिवशी काकाजींनी बोलावलं. समितीचे चिटणीस तिथं बसलेले. काकाजींनी सगळं ऐकून घेतलं. रागावले नाहीत, नुसती सुपारी कातरत राहिले. पण चिटणिसांनी तोवर एक कागद तयार केला होता. हरकतीचा अर्ज. तीन दिवसांत दिला तर सामना परत खेळवता येईल असा काही नियम होता म्हणे. अर्जात लिहिलं होतं, की आमच्या खेळाडूला स्पर्श झालाच नव्हता, लोकांच्या गलक्यानं गोंधळून त्यानं हात वर केला. खाली दोन सह्या हव्या होत्या, एक माझी आणि एक त्या पोराची.

"परत सामना झाला त तुमचं साल वाढन," काकाजी म्हणाले. "बघा तुमी."

मी कागद घेतला. तेव्हाच नाही म्हणालो असतो, तर आज हे सांगताना मान वर ठेवता आली असती. मी तो घडी करून खिशात घातला आणि सरळ वकिलाच्या घरी गेलो.

घाणीच्या मागं मजुरांच्या खोल्यांची ओळ. दारात वकील आणि त्याचा बाप बाज विणत बसले होते. बाप सुतळी ओवत होता, पोरगा पायानं रेटा देऊन ती ताणत होता. घामानं डबडबलेला, तोंडातून शब्द नाही. मी बराच वेळ उभा राहून बघत होतो. पाच बादल्या पाण्यासाठी ज्यानं माझा जीव खाल्ला, तो हाच का, असं मला वाटत होतं. बापानं मला बसायला चौरंग दिला, आत चहा सांगितला आणि विडी आणायला म्हणून उठून गेला. मास्तर आले आहेत, काही बोलायचं असेल, एवढी समज त्या माणसाला होती.

मी कागद काढून दिला. पोरानं तो वाचला. माझ्यापेक्षा भराभर वाचला.

"हे त खोटं हाय," तो म्हणाला.

मी बाजेच्या सुतळीकडं बघायला लागलो.

"तुमची खोली जाते काय मास्तर?"

हे त्याला कोणी सांगितलं, मला माहीत नाही. पोरांना सगळं माहीत असतं. मी मान डोलावली.

"मंग आधी सांगायचं न." त्यानं हात पुसले आणि आत बहिणीला हाक मारून दौत-टाक मागवला. चेहऱ्यावर काही ओझं नाही, काही नाही. रोजच्या उशिराचं कारण सांगावं तसा तो तयार झाला होता. "कुठी करू सही? इथी?"

त्या वेळी मला आलेला संताप मी तुम्हाला कसा सांगू. त्याच्यावरचा नव्हता. काल हाच पोरगा शे-दोनशे लोकांसमोर आपण होऊन बाहेर चालत आला, आणि आज माझ्या आठ बाय दहाच्या खोलीसाठी मीच त्याला मागं ढकलत होतो. आणि तो खुशीनं जात होता, माझ्यासाठी. वर्षभरात मी त्याला एक गोष्ट शिकवली होती, ती मोडायलाही मीच आलो होतो.

मी कागद ओढून घेतला. टाकाची शाई त्याच्या बोटाला लागली.

"नको," मी म्हणालो. "तुला हात लागला होता. काल मी ओरडलो ते चुकलं माझं."

त्याला ते अवघड झालं. तो सुतळीचं टोक शोधायला लागला. कोणी माफी मागितल्यावर काय करायचं हे त्याला माहीत नव्हतं, आणि मलाही माहीत नव्हतं. चहा आला, मी बशीत ओतून प्यायलो. टोक सापडल्यावर त्यानं विचारलं, "नवीन मास्तर सकाळी पळवतीन काय?"

"पळवतील. सर्टिफिकेटवाले पाच वाजता उठवतात म्हणे."

"मंग बोंबला," तो म्हणाला आणि पाय लावून सुतळी ताणायला लागला.

काकाजींना कागद परत दिला. चिटणीस कडाडले, म्हणाले, गावाची अब्रू घालवली. काकाजींनी परत अडकित्ता उचलला. दोन दिवसांनी त्यांनीच मामाच्या हाती निरोप पाठवला की अकोटला त्यांच्या ओळखीच्या जिनात कापूस मोजून घ्यायला माणूस हवा आहे, राहायला छपराखाली जागा मिळेल. अट त्यांनी पाळली आणि वर हेही केलं. हा माणूस माझा कोण होता?

सर्टिफिकेटवाला महिन्याच्या पहिल्या तारखेला आला. माझ्याहून दोन-तीन वर्षांनी मोठा, पांढरे बूट, अगदी सरळ माणूस. त्यानं वही काढली आणि एकेका पोराबद्दल विचारून लिहून घ्यायला लागला. हा कसा, तो कसा. कप्तानाचं सांगताना मला खूप बोलावंसं वाटलं आणि नीट बोलता आलं नाही. मग तो वकिलाच्या नावाशी आला.

"याच्याबद्दल समितीत बरंच ऐकलं. खोटं बोलतो का हो हा?"

"बोलतो," मी म्हटलं. "रोज."

त्यानं लिहायला पेन्सिल टेकवली.

"खेळताना सोडून," मी म्हणालो. "खेळताना तो सांगेल ते खरं धरा. पंचाचं एक वेळ धरलं नाही तरी चालेल."

त्यानं ते लिहिलं की नाही, मी बघितलं नाही. कडी जरा वर उचलून सरकवावी लागते, तेवढं त्याला दाखवलं, वळकटी उचलली आणि अकोटची एस्टी गाठायला निघालो.